घर विकायचे आहे? आधी घराची प्रकृती तपासा

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' अशी म्हण आपल्याकडे आहे. घर विकून पाहण्याविषयी मात्र म्हण नाही, कारण पूर्वी खेड्यापाड्यांत घर विकण्याचा प्रसंग फारसा येत नसे. आता तसे राहिलेले नाही. मुले नोकरीसाठी पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला जातात, भावाभावांच्या वाटण्या होतात, मुलीचे लग्न किंवा दवाखान्याचा खर्च अंगावर येतो आणि वाडवडिलांचे घर विकायला काढावे लागते. नेकनूरसारख्या बाजारपेठेच्या गावात तर जुन्या घराला गिऱ्हाईकही मिळते, कारण आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून मुलांच्या शाळेसाठी किंवा दुकान टाकण्यासाठी माणसे गावात राहायला येतात.

नेकनूरच्या आठवडी बाजारात बैल विकायला आणणारा शेतकरी बैलाला धुतो, त्याची शिंगे साळतो, गळ्यात घुंगुरमाळ बांधतो. पण घेणारा काही घुंगुरमाळेला भुलत नाही. तो बैलाचे दात धरून पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो आणि मगच रुमालाखाली बोटे धरून किमतीची बोलणी सुरू होतात. घराच्या बाबतीत मात्र आपण उलटे वागतो. विकणारा डिस्टेंपरचा हात मारतो, दाराला ऑइलपेंट लावतो, आणि घेणारा तो रंग पाहून आणि गल्लीतला शेजार पाहून इसार देतो. भिंतीला पोट आले आहे का, तुळई वाळवीने पोखरली आहे का, विजेच्या तारेला अर्थिंग आहे का, हे दोघेही पाहत नाहीत.

आरोग्याच्या सदरात घर विकण्याचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण घर पडून, शॉक लागून, विंचू-सर्प चावून, दूषित पाणी पिऊन जे रोगी दवाखान्यात येतात, त्यांच्या दुखण्याचे मूळ घरातच असते. शिवाय घर विकायला काढले म्हणजे ते लगेच विकले जाते असे नाही. वर्ष-दोन वर्षे त्यात म्हातारे आई-वडील राहतच असतात. म्हणून घर विकण्यापूर्वी केलेली दुरुस्ती पहिल्यांदा आपल्याच माणसांचे रक्षण करते आणि नंतर घेणाऱ्याच्या लेकराबाळांचे. शिवाय धडधाकट घराला चार पैसे अधिक मिळतात ते वेगळेच. फक्त खर्चाचा क्रम बरोबर हवा. आधी जीव वाचवणारी कामे करावीत, मग सोयीची, आणि रंग सर्वांत शेवटी.

किल्लारीने शिकवलेला धडा

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीला गणपतीचे विसर्जन करून माणसे घरोघर झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. हादरे बीड जिल्ह्यातही जाणवले. इतकी माणसे का दगावली, याचा अभ्यास तज्ज्ञांनी केला तेव्हा असे दिसले की, माणसे मेली ती प्रामुख्याने घरांच्या बांधणीमुळे. दोन-दोन, अडीच-अडीच फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती आणि त्यांच्यावर मातीचे जड माळवद, अशी ती घरे होती. आपल्याकडची जुनी घरेही थेट तशीच आहेत.

अशी भिंत दिसायला एक असली तरी खरे पाहता त्या दोन भिंती असतात. बाहेरच्या बाजूला एक थर, आतल्या बाजूला एक थर, आणि मधल्या पोकळीत लहान दगड व माती. दोन्ही थरांना जोडणारे आरपार दगड घातलेले नसतील तर हादरा बसताच दोन्ही थर एकमेकांपासून सुटतात आणि भिंत ढासळते. वरून दरवर्षी पावसाळ्यापूर्वी माळवदावर पांढरी माती टाकायची आपली पद्धत आहे. गळू नये म्हणून टाकलेला हा थर वर्षानुवर्षे वाढत जातो आणि डोक्यावर शेकडो मण ओझे तयार होते. काही घरांत माळवद लाकडी खांब आणि तुळयांच्या चौकटीवर स्वतंत्र तोललेले होते. तेथे भिंती पडल्या तरी चौकट उभी राहिली आणि आतली माणसे वाचली. किल्लारीपूर्वी हा सगळा भाग भूकंपाचा धोका सर्वांत कमी असलेल्या पट्ट्यात धरला जात असे. पुढे २००२ साली देशाचा भूकंपाचा नकाशाच बदलला गेला.

भूकंप रोज होत नाही, पाऊस मात्र दरवर्षी येतो. दगड-मातीच्या भिंतीला झड लागली की तीच भिंत भूकंपाशिवायही पडते. सप्टेंबर २०२५ मधल्या अतिवृष्टीत मराठवाड्यात अशा अनेक घरांची पडझड झाली. त्यामुळे जुने घर विकायला काढणाऱ्याने आधी भिंत आणि माळवद पाहावे.

भिंत कशी पाहावी?

पुढील खुणा कोणालाही पाहता येतात.

१) भिंतीपासून चार पावले बाजूला उभे राहून भिंतीच्या रेषेत पाहावे. मध्येच भिंत फुगलेली दिसली, म्हणजे तिला पोट आले असेल, तर आतले दोन थर सुटू लागले आहेत. गवंड्याकडून ओळंबा लावून खात्री करून घ्यावी.

२) दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात उभी भेग असेल, किंवा दारा-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली असेल, तर ती गिलाव्याची नव्हे, भिंतीची भेग आहे. भेग वाढते आहे का, हे पाहण्याचा सोपा उपाय म्हणजे तिच्यावर आडवी कागदाची पट्टी घट्ट चिकटवून तारीख लिहून ठेवावी. महिना-दोन महिन्यांत पट्टी फाटली तर भिंत अजून हलते आहे.

३) भिंतीचा पायथा पाहावा. पन्हाळीचे पाणी भिंतीशी पडून पायथा झिजला असेल, लोणा लागला असेल, तर भिंतीचा पायच कमकुवत झाला आहे असे समजावे.

यावर उपाय आहेत आणि ते गावातल्या गवंड्याला जमण्यासारखे आहेत. किल्लारीनंतर जी घरे पडली नव्हती पण कमकुवत होती, ती पक्की करण्याचे काम सरकारने जागतिक बँकेच्या मदतीने हाती घेतले होते. त्या वेळी वापरलेल्या युक्त्या आजही उपयोगी आहेत. भिंतीत साधारण तीन-चार फुटांच्या अंतराने आरपार भोके पाडून त्यांत दोन्ही टोकांना आकडा वळवलेली सळई घालावी आणि काँक्रीट भरावे. यामुळे दोन्ही थर शर्टाच्या बटणासारखे एकमेकांना बांधले जातात. चौकटीच्या वरच्या पातळीवर घराभोवती वेल्डिंगची जाळी ठोकून सिमेंटचा पट्टा फिरवावा, म्हणजे पिंपाला कडे घालावे तसे सगळ्या भिंती एकत्र राहतात. लाकडी खांब आणि तुळई जेथे मिळतात तेथे तिरके आधार ठोकावेत. भोक पाडताना घाईने पहार मारू नये. दगड हळूहळू सैल करून काढावेत, एका वेळी शेजारशेजारची भोके उघडी ठेवू नयेत आणि काम चालू असताना त्या खोलीत कोणी झोपू नये. पोट आलेला भाग बटणे घालून सुधारत नाही. छताला टेकू देऊन तेवढी भिंत उतरवावी आणि पुन्हा बांधून काढावी.

एक चूक मात्र सर्रास होते. घर 'पक्के' दिसावे म्हणून दगड-मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा करतात. माती पाणी शोषते आणि वाऱ्याने वाळते. सिमेंटने तोंड बंद केले की बारीक भेगांतून आत गेलेले पाणी बाहेर पडत नाही, आतली माती भिजून मऊ होते, आणि वरून चकचकीत दिसणारी भिंत आतून पोकळ होत जाते. अशा ओलसर खोलीत बुरशी धरते, लहान मुलांचा खोकला आणि दम्याची धाप वाढते. दगड-मातीच्या भिंतीला चुन्याचा गिलावाच बरा.

डोक्यावरचे छप्पर

माळवदाचा थर खणून त्याचे ओझे उतरवणे, हे जुन्या घराला दिलेले सर्वांत मोठे औषध आहे. जुनी माती काढून खाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरावा आणि वर साधारण वीतभरच पांढरी मातीचा थर द्यावा. गळती थांबते आणि भारही हलका होतो. पन्हाळी भिंतीपासून चांगल्या पुढे काढाव्यात. हे काम उन्हाळ्यात, पहिल्या वळवापूर्वी उरकावे. तुळईची टोके भिंतीत जेथे शिरतात तेथे पेचकसाने टोचून पाहावे. पेचकस सहज आत गेला, किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर वाळवीने लाकूड खाल्ले आहे. अशा तुळईला रंग देऊन विकणे म्हणजे दुसऱ्याच्या पाळण्यावर दगड टांगून ठेवणे होय.

पत्र्याच्या घरात वेगळा धोका असतो. वाऱ्याने उडू नयेत म्हणून पत्र्यांवर मोठमोठे दगड ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. वैशाखातल्या वावटळीत पत्रा उचलला की तोच दगड आत झोपलेल्यांच्या अंगावर येतो. दगड उतरवून पत्रे हुक आणि नट-बोल्टने लोखंडी पाइपांना पक्के आवळून घ्यावेत. छताच्या पाइपाला पाळणा बांधणे टाळावे. जुने सिमेंटचे पत्रे ॲसबेस्टॉसचे असतात. ते जागेवर शाबूत असतील तर फारसा धोका नाही. मात्र ते फोडले, कापले किंवा घासले तर डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत उडतात आणि फुफ्फुसांत जाऊन वर्षांनुवर्षांनी गंभीर आजार निर्माण करतात. बदलायचेच असतील तर पाणी मारून ओले करावेत, अखंड उतरवावेत आणि तुकडे अंगणात पसरू देऊ नयेत.

स्लॅबचे घर असेल तर खालून वर पाहावे. सळ्या गंजून सिमेंटचे पोपडे पडत असतील तर नुसती पुट्टी भरून भागत नाही. सुटलेला भाग झाडून काढून, सळ्यांचा गंज घासून मग जाणत्याकडून दुरुस्ती करून घ्यावी. अशा स्लॅबवर पाण्याची मोठी टाकी ठेवू नये.

विजेचा धोका

जुन्या घरात वायरिंग सहसा तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे, दोन दिवे आणि एका पंख्यापुरते असते. त्याच तारांवर आता फ्रीज, कूलर, मोटार आणि पिठाची घरगुती गिरणी चालते. फ्यूज वारंवार उडतो म्हणून कोणी तरी त्यात जाड तार गुंडाळून ठेवलेली असते. फ्यूज उडणे हा आजार नाही, ती आजाराची सूचना आहे. जाड तार घातली की सूचना बंद होते आणि भिंतीतली तार तापत राहते.

घर दाखवण्यापूर्वी परवानाधारक वायरमनकडून पुढील चार गोष्टी करून घ्याव्यात.

पहिली गोष्ट अर्थिंग. पुष्कळ घरांत तीन पिनांचे सॉकेट असते पण तिसऱ्या पिनेला तारच जोडलेली नसते. अंगणात खड्डा करून, मीठ-कोळसा भरून, पट्टी किंवा पाइप पुरून हिरवी तार प्रत्येक सॉकेटपर्यंत न्यावी. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालत राहावे. कोरड्या मातीत अर्थिंग काम करीत नाही.

दुसरी गोष्ट, ३० मिलिॲम्पिअरचा गळती-रोधक स्विच. बाजारात त्याला आरसीसीबी म्हणतात. माणसाच्या अंगातून वीज जमिनीकडे वाहू लागताच तो क्षणार्धात प्रवाह तोडतो. साधा फ्यूज किंवा एमसीबी तार जळण्यापासून वाचवतो, पण माणसाला शॉकपासून वाचवत नाही. हा फरक ध्यानात ठेवावा. याच्यावर एक चाचणीचे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे. घर घेणाऱ्यालाही ते दाबून दाखवावे. अशा दाखवण्याने विश्वास वाढतो.

तिसरी गोष्ट, कपडे वाळत घालण्याची तार. पत्र्याच्या शेडपासून मीटरच्या पाइपापर्यंत लोखंडी तार बांधलेली असते. घासलेल्या वायरीतून वीज पत्र्यात उतरली की तीच वीज त्या तारेत येते, आणि ओले लुगडे टाकायला गेलेली बाई जागच्या जागी चिकटते. तिला सोडवायला गेलेलाही चिकटतो. ती तार आजच काढून नायलॉनची दोरी बांधावी. या सगळ्या लेखातले हे सर्वांत स्वस्त काम आहे.

चौथी गोष्ट कूलर आणि मोटार. लोखंडी कूलर अर्थिंगशिवाय वापरू नये आणि पाणी भरताना पिन काढून ठेवावी. आयएसआयची खूण असलेलेच साहित्य घ्यावे.

कोणाला शॉक लागलाच तर आधी मेन स्विच बंद करावा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला दूर ढकलावे, हाताने धरू नये. श्वास बंद असेल तर छातीच्या मध्यभागी जोराने आणि भरभर दाब देत राहावे आणि १०८ ला फोन करावा.

पाणी आणि संडास

घरात संडास आहे का, हा प्रश्न आता मुलीच्या सोयरिकीतही विचारला जातो, मग घर घेताना तो विचारला जाणारच. पण संडास असणे पुरेसे नाही, तो कोठे आहे हेही महत्त्वाचे. शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याचा आड किंवा बोअर यांत निदान ५० फूट अंतर हवे. लहान परसात हे अंतर राहत नाही आणि कावीळ, हगवण, विषमज्वर घरात ठाण मांडतात. अंतर कमी असेल तर आडाचे पाणी धुण्या-भांड्यांपुरतेच ठेवावे, पिण्यासाठी नळाचे पाणी घ्यावे आणि घेणाऱ्यालाही तसे स्पष्ट सांगावे.

बोअरचे पाणी चवीला गोड असले म्हणजे चांगले असे नाही. फ्लोराइड लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून अधिक आणि नायट्रेट ४५ मिलिग्रॅमहून अधिक असू नये, असे भारतीय मानक सांगते. फ्लोराइडने मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि पुढे हाडे ताठरतात. गोठा आणि संडास यांच्या झिरपण्याने नायट्रेट वाढते आणि तान्ह्या बाळांना अपाय होतो. हे दोन्ही पाणी उकळून जात नाहीत. जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेतून तपासणी करून तो कागद घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवावा.

सेप्टिक टँकचे झाकण पक्के असावे आणि हवेच्या पाइपाला जाळी बांधावी, म्हणजे त्यातून डास बाहेर पडत नाहीत. टाकी दोन-तीन वर्षांनी उपसण्याच्या गाडीनेच रिकामी करावी. विक्रीपूर्वी 'साफ करून देतो' म्हणून कोणालाही आत उतरवू नये. आतल्या विषारी वायूने माणूस मिनिटभरात कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेलाही मरतो. शिवाय सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

घर रिकामे पडलेले असेल तर रांजण, हौद, टाकी, टायर यांत साचलेले पाणी ओतून द्यावे. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि रिकाम्या घरातला डास शेजारच्या घराला चावतो.

आड, जिना आणि कठडा

अंगणातला आड वापरात नसेल तरी त्याला कठडा आणि लोखंडी जाळी हवीच. बंद पडलेल्या बोअरच्या तोंडावर पोते किंवा दगड ठेवून भागत नाही. उघड्या बोअरमध्ये मुले पडण्याच्या घटनांनंतर सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली त्यासंबंधी नियम घालून दिले आहेत. पाइपावर लोखंडी टोपी वेल्डिंग करून घ्यावी आणि निकामी बोअर खालपासून वरपर्यंत माती-मुरमाने भरून टाकावा.

जिन्याच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या असाव्यात. एखादीच पायरी उंच किंवा आखूड असेल तर म्हातारे माणूस नेमके तेथेच पडते आणि खुब्याचे हाड मोडते. भिंतीला धरायला पाइप लावावा आणि वरच्या टोकाला दिवा असावा. उन्हाळ्यात आपण गच्चीवर झोपतो, संक्रांतीला मुले पतंग उडवतात. तेव्हा गच्चीला साडेतीन फुटांचा कठडा नसेल तर घर अपुरेच आहे. न्हाणीत गुळगुळीत फरशीऐवजी खरबरीत फरशी बसवावी.

बंद घरातले पाहुणे

आपल्या जिल्ह्यातील कित्येक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि पाच-सहा महिने घराला कुलूप असते. कोणी पुण्याला स्थायिक झाल्याने घर वर्षानुवर्षे बंद असते. अशा घरात माणसाची चाहूल संपली की उंदीर येतात आणि उंदरांमागे साप येतात. दगडांच्या सांदीत विंचू राहतात. गिऱ्हाइकाला दाखवायला म्हणून एकदम दार उघडून अंधाऱ्या कोठीत हात घालू नये. बॅटरी आणि काठी घेऊन, पायात बूट घालून आत जावे. भिंतीच्या सांदी चुन्याने भरून घ्याव्यात, उंबऱ्याखालची फट पट्टी ठोकून बंद करावी, भिंतीला टेकून रचलेली लाकडे आणि गोवऱ्या दूर हलवाव्यात.

मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. तिचा दंश फारसा दुखत नाही, त्यामुळे पहाटे पोट दुखू लागले, पापण्या जड झाल्या, तरी घरच्यांच्या लक्षात येत नाही. अशा वेळी मांत्रिकाकडे वेळ न घालवता रोग्याला सरकारी रुग्णालयात न्यावे. लाल विंचू चावल्यावर दरदरून घाम येणे, उलट्या, हातपाय गार पडणे ही लक्षणे गंभीर समजावीत. यावर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडते, हे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या संशोधनातून जगाला दाखवून दिले. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. पण औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते.

कोठीत उरलेल्या कीटकनाशकांच्या बाटल्या आणि धान्यात ठेवायच्या गोळ्या घराबरोबर कधीही देऊ नयेत. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ओलाव्याने जीवघेणा वायू सोडतात. त्यावर उतारा नाही. ढेकूण किंवा उंदीर मारायला म्हणून या गोळ्या राहत्या खोलीत टाकणे म्हणजे झोपलेल्या माणसांना मारणे आहे.

स्वयंपाकघर आणि रंग

गॅसची शेगडी सिलिंडरपेक्षा उंच ओट्यावर असावी आणि सिलिंडर उभाच ठेवावा. गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळाला तर जमिनीलगत साचतो, म्हणून खिडकीबरोबरच खाली झरोका हवा. रबरी नळी पाच वर्षांनी बदलावी. वास आला तर बटण चालू-बंद न करता दारे उघडावीत आणि १९०६ वर कळवावे. चूल वापरात असेल तर धुराडे साफ करून घ्यावे.

आता राहिला रंग. जुन्या दारा-खिडक्यांवरच्या ऑइलपेंटात शिसे असण्याची शक्यता फार असते. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांहून अधिक असू नये, हा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्यापूर्वीचा रंग कोरडा घासला की शिशाची धूळ उडते आणि रांगणाऱ्या मुलाच्या पोटात जाऊन त्याच्या मेंदूच्या वाढीला बाधा आणते. म्हणून जुना रंग ओला करून घासावा, गरोदर स्त्रिया आणि मुलांना त्या दिवसांत दुसरीकडे ठेवावे आणि पोपडे गोळा करून पुरावेत, चुलीत घालू नयेत. माळवद किंवा स्लॅबच्या गच्चीवर पांढऱ्या चुन्याचा हात दिला तर उन्हाळ्यात आतली खोली थोडी तरी गार राहते. घर पाहायला येणाऱ्याला हा गारवा मे महिन्यात बरोबर कळतो.

सांगून विकावे

सगळी दुरुस्ती करणे प्रत्येकाला परवडणार नाही. ज्याला औषधपाण्यासाठी घर विकावे लागते आहे, त्याने भिंत नव्याने बांधावी असे कोण म्हणेल? पण जी गोष्ट दुरुस्त करता येत नाही ती सांगता येते, आणि सांगायला पैसे लागत नाहीत. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम ५५ मध्ये हेच म्हटले आहे. विकणाऱ्याला ठाऊक असलेला, पण घेणाऱ्याला ठाऊक नसलेला आणि साधारण काळजी घेऊनही त्याला दिसणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. तो मुद्दाम न सांगणे हा कायद्याच्या दृष्टीने कपटाचा प्रकार ठरतो. वाळवीने खाल्लेल्या तुळईवर रंग देणे किंवा भेगेवर पुट्टी भरणे हे त्यातच येते.

म्हणून घर दाखवताना एक साधा कागद तयार करावा. कोणते काम केले आणि केव्हा केले, कोणते राहिले, पाणी पिण्यायोग्य आहे की नाही, शोषखड्डा नेमका कोठे पुरलेला आहे, जुना आड कोठे बुजवलेला आहे, हे सगळे त्यावर लिहावे आणि दोघांनी सह्या कराव्यात. बुजवलेल्या आडावर नकळत भिंत उभी राहिली तर ती खचते. गल्लीतल्या जुन्या माणसाला ठाऊक असलेली ही गोष्ट बाहेरगावाहून आलेल्या गिऱ्हाइकाला कशी कळणार? राहिलेल्या कामांपोटी किमतीत थोडी सूट द्यावी लागली तरी हरकत नाही. आपल्याकडे घर घेणारा बहुधा नात्यातला, नाही तर शेजारच्या गावचा असतो, आणि बाजारात त्याची-आपली गाठ पडतच राहते.

घेणाऱ्यानेही पाहावे

घेणाऱ्याने घर दोनदा पाहावे, एकदा उन्हात आणि एकदा पावसात. बरोबर गवंडी आणि वायरमन न्यावा. भिंतीचे पोट, कोपऱ्यातल्या भेगा, तुळयांची टोके, माळवदाची जाडी, अर्थिंगची तार, शोषखड्ड्याचे अंतर, गच्चीचा कठडा, आडाचे झाकण, या आठ गोष्टी पाहिल्याशिवाय इसार देऊ नये. नुकताच नवा रंग दिलेली एखादीच भिंत दिसली तर त्या रंगाखाली काय आहे, ते विचारावे. विचारल्याचा राग मानू नये आणि विचारायची भीडही बाळगू नये. बैलाचे दात पाहिले म्हणून बाजारात कोणी रागावत नाही.

ज्यांची घरे विकायची आहेत त्यांनी तूर्त एवढे तरी करावे. येत्या रविवारी एक शिडी, एक बॅटरी आणि एक पेचकस घेऊन घरभर फिरावे, अंगणातली लोखंडी तार काढून टाकावी आणि भिंतीच्या भेगेवर तारीख लिहिलेली कागदाची पट्टी लावावी. रंगाच्या डब्याकडे त्यानंतर वळावे.